गुण कशाने आला?

२०२०च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत एक छोटी बाटली पोचली. आत साखरेच्या पांढऱ्या गोळ्या आणि वर नाव: आर्सेनिकम अल्बम ३०. तीन दिवस, अनशापोटी. भारतातला पहिला करोनारुग्ण ३० जानेवारीला सापडला; आयुष मंत्रालयाने प्रतिबंधक म्हणून हे औषध त्याच्या आदल्या दिवशीच सुचवलं होतं. पुढे नगरसेवकांनी, मंडळांनी, सोसायट्यांनी ते वाटलं. ज्यांना करोना झाला नाही त्यांनी गोळ्यांचे आभार मानले. ज्यांना झाला ते म्हणाले, गोळ्या घेतल्या होत्या म्हणून निभावलं. गोळ्या चुकीच्या ठराव्यात अशी परिस्थितीच उरली नव्हती.

घरातल्या रोजच्या दुखण्याखुपण्यांत हाच पेच असतो. गुण आला हे दिसतं. कशाने आला हे दिसत नाही. होमिओपॅथीच्या गोळ्या आणि आजीचा बटवा यांचा आपण एका दमात उल्लेख करतो, कारण दोन्ही आपल्याला सौम्य, स्वस्त आणि निरुपद्रवी वाटतात. खरं तर या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एकीत बहुतेक वेळा औषधाचा अंशही नसतो. दुसरीत तो चांगला सज्जड असतो.

बाटलीवरचे ३०

आर्सेनिकम अल्बम म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड, आपला सोमल. हे जहाल विष लेकराबाळांना वाटता आलं याचं कारण त्या ३० या आकड्यात आहे. मूळ द्रव्याचा एक भाग ९९ भाग दुग्धशर्करेत खलायचा किंवा पाणी आणि अल्कोहोलमध्ये मिसळून बाटली जोरजोरात आपटत हलवायची, ही पहिली पायरी. त्यातला एक भाग पुन्हा नव्या ९९ भागांत, ही दुसरी. असं ३० वेळा. दर पायरीला द्रव्य शंभर पटींनी विरळ होतं. तिसाव्या पायरीवर त्याचं प्रमाण उरतं एकावर साठ शून्यं इतक्या भागांत एक.

आता रसायनशास्त्रातला ॲव्होगाड्रोचा आकडा आठवा. १८ ग्रॅम पाण्यात साधारण सहावर तेवीस शून्यं इतके रेणू असतात. कोणत्याही पदार्थाचे रेणू असे मोजके असल्यामुळे सतत विरळ करत गेलं तर ते कुठेतरी संपतात, आणि ती जागा बाराव्या पायरीच्या आसपास येते. पुढच्या अठरा पायऱ्या निव्वळ पाण्यात पाणी मिसळण्याच्या. ३० पोटेन्सीत मूळ द्रव्याचा एक रेणू हाती लागावा म्हणून जेवढा द्रव प्यावा लागेल त्याचं वजन पृथ्वीच्या काही अब्ज पट भरतं. त्यातही होमिओपॅथीच्या नियमाप्रमाणे जास्त विरळ ते जास्त 'पॉवरचं'. २०० ही ३०पेक्षा वरची मानली जाते.

होमिओपॅथीचे जाणकार हा हिशेब नाकारत नाहीत. हलवण्याच्या क्रियेमुळे द्रव्याचा ठसा पाण्यात उतरतो, असं त्यांचं म्हणणं. अडचण अशी की पाण्याच्या रेणूंमधली जुळणी सेकंदाच्या अब्जांश भागापेक्षाही कमी वेळ टिकते. शिवाय तो द्रव साखरेच्या गोळ्यांवर शिंपडून वाळू दिला जातो. मग तो ठसा राहतो कशात, याचं पटणारं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. 'मदर टिंचर' लिहिलेले अर्क आणि ३ एक्स, ६ एक्स अशा खालच्या पायऱ्यांची औषधं यांत मूळ द्रव्य खरोखर असतं. बाळाच्या दातांसाठी मिळणाऱ्या काही होमिओपॅथिक गोळ्या अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तपासल्या तेव्हा त्यांत बेलाडोनाचं प्रमाण कमीजास्त, आणि काहींमध्ये लेबलवर लिहिल्यापेक्षा कितीतरी अधिक आढळलं. २०१७ साली त्यांनी पालकांना त्या न वापरण्याचा इशारा दिला. बेलाडोना ही धोतऱ्याच्या कुळातली वनस्पती. 'होमिओपॅथिक आहे म्हणजे अपाय नाहीच' हे विधान बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय करू नये.

हानेमानचं काय बरोबर होतं

सॅम्युअल हानेमानला नुसतं हसण्यावारी नेणं त्याच्यावर अन्याय करणारं आहे. १७५५ साली सॅक्सनीतल्या माइसेनला जन्मलेला हा डॉक्टर आपल्या काळाच्या वैद्यकाला विटलेला होता. विटण्यासारखंच होतं ते. शिरा कापून रक्त काढायचं, पाऱ्याची औषधं द्यायची, जुलाब आणि वांत्या घडवायच्या. जॉर्ज वॉशिंग्टन १७९९च्या डिसेंबरात घशाच्या आजाराने गेले, त्या शेवटच्या दिवसात डॉक्टरांनी त्यांचं रक्त अनेकदा काढलं होतं. १७९० साली एका औषधशास्त्राच्या ग्रंथाचं भाषांतर करताना हानेमानने सिंकोनाची साल स्वतः घेऊन पाहिली. हिवतापासारखी लक्षणं जाणवली, असं त्याने नोंदवलं, आणि त्यावरून नियम मांडला: निरोगी माणसात जे द्रव्य जी लक्षणं उभी करतं, तेच अल्प प्रमाणात दिलं तर ती लक्षणं असलेला आजार बरा करतं. १८१०मध्ये त्याचा 'ऑर्गनन' आला. सिंकोना हिवतापावर चालतो तो सालीतल्या क्विनीनमुळे, आणि क्विनीन हिवतापाच्या परजीवीला मारतं, हे कळायला अजून अवकाश होता. क्विनीन वेगळं काढलं गेलं १८२०मध्ये, परजीवी दिसला १८८०मध्ये.

तरीही होमिओपॅथीचे रुग्ण बरे होत होते, कित्येकदा इतरांपेक्षा अधिक. १८५४च्या पटकीत लंडनच्या गोल्डन स्क्वेअरमधल्या होमिओपॅथिक रुग्णालयात शंभरातले सुमारे सोळा रुग्ण दगावले. आसपासच्या इतर रुग्णालयांत हे प्रमाण निम्म्याच्या घरात होतं. आकडे खरे आहेत. फक्त त्यांचा अर्थ असा की पटकीने आधीच शुष्क झालेल्या माणसाचं रक्त काढून त्याला जुलाब देण्यापेक्षा काहीच न करणं बरं. त्याच वस्तीत, त्याच आठवड्यांत, जॉन स्नो नावाचा डॉक्टर घरोघर फिरून मृत्यूंच्या जागा नकाशावर मांडत होता. ब्रॉड स्ट्रीटच्या एका पंपाचं पाणी पिणारे मरत आहेत हे त्याने दाखवलं आणि पंपाचा दांडा काढायला लावला. पटकी आटोक्यात आणण्याची पुढची वाट त्या पंपापासून निघाली.

भारतात ही पद्धत रुजली ती मुख्यत्वे बंगालमधून. कलकत्त्याचे डॉ. महेंद्रलाल सरकार हे विद्यापीठाचे एम.डी., सुरुवातीला होमिओपॅथीचे कडवे टीकाकार. १८६७ साली त्यांनी जाहीरपणे बाजू बदलली आणि व्यवसायबंधूंचा बहिष्कार ओढवून घेतला. याच सरकारांनी १८७६मध्ये 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' उभी केली. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली आपला गाजलेला शोध तिथेच लावला. विज्ञानाची कळकळ आणि होमिओपॅथीवरचा विश्वास एकाच माणसात नांदू शकतो, याचं याहून ठळक उदाहरण सापडणं कठीण.

आज होमिओपॅथीला भारतात पूर्ण कायदेशीर मान्यता आहे. १९७३मध्ये केंद्रीय कायदा झाला, २०२०मध्ये त्याची जागा राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने घेतली. बीएचएमएसचा अभ्यासक्रम इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचा असतो. त्यात शरीररचना, विकृतिशास्त्र, स्त्रीरोग हे सगळं शिकवतात. महाराष्ट्राने २०१४मध्ये कायदा बदलला. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथी डॉक्टरांना ॲलोपॅथीची औषधं लिहिण्याची मुभा त्यामुळे मिळाली. ॲलोपॅथी डॉक्टरांच्या संघटनेने त्याविरुद्ध न्यायालय गाठलं आणि तो वाद अनेक वर्षं धुमसत राहिला. रुग्णाच्या दृष्टीने यातून निघणारी गोष्ट साधी आहे. पाटीवर कोणतीही पदवी असो, पुडीत बांधून दिलेल्या गोळ्यांची नावं लिहून मागावीत. तापावर 'होमिओपॅथीने' गुण आला असं आपण सांगत असतो, तेव्हा पुडीत पॅरासिटामॉल असण्याचीही शक्यता असते.

मुतखडा, चामखीळ, कावीळ

आपल्याकडे तीन दुखण्यांवरची औषधं हमखास गुणाची समजली जातात.

मुतखड्यावर होमिओपॅथीत बर्बेरिस वल्गॅरिस, घरगुतीत पानफुटीची पानं. शेजारच्या काकांचा खडा पडला, अमक्या वहिनींचा विरघळला. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपले आपणच लघवीवाटे पडतात. भरपूर पाणी प्यायलं की काम सोपं होतं. औषध घेणारा माणूस भरपूर पाणीही पीतच असतो. खडा मोठा असला तर मात्र पानफुटीने तो हलत नाही, आणि अडकलेल्या खड्यासोबत थंडी वाजून ताप आला तर मूत्रपिंड धोक्यात येतं. तिथे वाट पाहायला जागा नसते.

चामखिळीवर थुजा. लहान मुलांच्या चामखिळी विषाणूमुळे येतात आणि त्या विषाणूची ओळख पटली की शरीरच त्यांचा निकाल लावतं. दोन वर्षांत साधारण दोनतृतीयांश मुलांच्या चामखिळी काहीही न करता जातात. थुजा सहा महिने घेतलं आणि त्याच काळात त्या गेल्या, तर श्रेय कुणाला जाणार ते उघड आहे.

काविळीची गोष्ट आणखी बोलकी. महाराष्ट्रात काविळीचं औषध देणारी माणसं आणि गावं प्रसिद्ध आहेत. कुणी पाल्याचा रस देतो, कुणी माळ घालतो, कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळं पाणी दाखवतो. मुलांना आणि तरुणांना होणारी बरीचशी कावीळ हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची असते. दूषित पाण्यातून ती येते आणि काही आठवड्यांत आपली ओसरते. म्हणून शंभरातल्या बहुतेकांना प्रत्येक वैद्याकडे गुण येतो. उरलेले थोडे फार महागात पडतात. पावसाळ्यात मुंबई-कोकणात लेप्टोच्या तापातही डोळे पिवळे होतात आणि त्याला वेळेत प्रतिजैविक लागतं. पित्तनलिकेत खडा किंवा गाठ असेल तर शस्त्रक्रिया लागते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला तर आईच्या जिवावर बेतू शकतं. डोळे पिवळे दिसले की रक्ततपासणी आधी, बाकी सगळं नंतर. आणि काविळीत आवर्जून आणला जाणारा उघड्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस हा कावीळ पसरवण्याचाही एक मार्ग आहे.

या तिन्ही ठिकाणी रोगाची स्वतःची चाल आपण मोजायची विसरतो. साधी सर्दी सात ते दहा दिवसांत जाते, मुलांचा सर्दीनंतरचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. इसब, दमा, संधिवात, अर्धशिशी ही चढउताराची दुखणी. माणूस औषधाकडे वळतो ते दुखणं शिगेला पोचलेलं असताना. शिगेनंतर उतार यायचाच असतो. त्यात तीन औषधं बदलून झाली असली तर शेवटचं औषध जिंकतं.

शिवाय होमिओपॅथीच्या पहिल्या भेटीत डॉक्टर तासभर बसवून विचारतात: गोड आवडतं की खारट, थंडी सोसते की उन्हाळा, झोप कशी, स्वप्नं कसली, घरात काही ताण आहे का. सरकारी दवाखान्याच्या रांगेत दोन मिनिटांत आटपलेल्या माणसाला हे ऐकून घेणंच औषधासारखं लागू पडतं. वेदना, मळमळ, झोप, धडधड या तक्रारी अशा विश्वासाने खरोखर हलक्या होतात. मूल लहान असेल तर आई-वडिलांची काळजी आधी कमी होते आणि मग मूलही बरं दिसू लागतं. मात्र रक्तातली साखर, फुप्फुसातला जंतुसंसर्ग किंवा वाढणारी गाठ विश्वासाने उतरत नाही.

हे सगळं वजा करून खरा गुण शोधायला एकच रीत आहे. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी नुसती साखर, आणि कुणाला काय दिलं हे रुग्णालाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५मध्ये ६१ आजारांवरचे १७६ अभ्यास तपासले. होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा त्यांना एकाही आजारात मिळाला नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१७मध्ये ही औषधं लिहून देऊ नयेत अशी शिफारस केली, फ्रान्सने २०२१पासून विम्यातून त्यांचा खर्च देणं थांबवलं. भारत सरकारचं धोरण याच्या नेमकं उलट आहे.

बटव्यातलं काय कसोटीला उतरलं

घरगुती औषधांचं तसं नाही. तिथे पदार्थ खरा असतो, म्हणून त्याची परीक्षाही घेता येते, आणि काही औषधं ती उत्तम पार करतात.

पहिला मान साखर-मीठ-पाण्याचा. १९७१मध्ये बांगलादेशच्या युद्धाने लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी पाण्यात ग्लुकोज आणि क्षार मिसळून पिंपं भरली आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितलं. शंभरात तीसच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चारच्या आत आलं. यामागचं शास्त्र सुरेख आहे. जुलाबात आतडं पाणी आणि मीठ शोषू शकत नाही, पण साखरेचा रेणू आत घेणारा त्याचा दरवाजा चालूच असतो. त्या दरवाजातून साखर सोडियमला सोबत घेऊन जाते आणि त्यांच्यामागे पाणी जातं. महालनबीस यांना २०२३मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

घरी करायचं तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. मीठ जास्त झालं तर बाळाला ते अपायकारक आहे. मीठ घातलेली भाताची पेजही चालते, कारण तिच्यातला स्टार्च आतड्यात जाऊन ग्लुकोजच होतो. औषधाच्या दुकानातली पुडी सर्वांत अचूक. मात्र खोक्यातली गोड पेयं ओआरएस समजून घेऊ नका. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५च्या ऑक्टोबरात अशा पेयांच्या नावात ओआरएस ही अक्षरं वापरायला मनाई केली. मुलाला जुलाब लागले तर सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस झिंक द्यावं.

दुसरा मध. मुलांच्या रात्रीच्या खोकल्यावर झोपताना अर्धा ते एक चमचा मध दिला तर खोकला कमी होतो आणि झोप लागते, हे चाचण्यांत दिसलं आहे. इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २०१८मध्ये साध्या खोकल्यासाठी मध सुचवला तो प्रतिजैविकांचा अनावश्यक वापर थांबावा म्हणून. अट एकच: मूल एक वर्षाच्या वरचं हवं. तिचं कारण पुढे येईल.

इसबगोल पाण्यात फुगतो आणि मळ मऊ करतो. कोलेस्टेरॉलही थोडं उतरवतो. फक्त तो भरपूर पाण्यासोबतच घ्यावा, कोरडा गिळला तर घशातच फुगू शकतो. गरोदरपणातल्या मळमळीवर आलं उपयोगी ठरतं. दाढ दुखताना लवंग धरतात तेव्हा तिच्यातलं युजेनॉल खरोखर बधिरपणा आणतं. दंतवैद्य आजही झिंक ऑक्साइडमध्ये युजेनॉल मिसळून तात्पुरतं भरण करतात. दाढेतली कीड मात्र लवंगेने जात नाही, दुखणं थांबलं म्हणून ती आतल्या आत वाढते.

आणि हळद. १९९५ साली अमेरिकेत एका विद्यापीठाला हळदीने जखम भरण्याच्या उपायावर पेटंट मिळालं. मूळचे गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. त्यांच्या संस्थेने जुने ग्रंथ आणि १९५३चा एक भारतीय शोधनिबंध पुढे ठेवला आणि १९९७मध्ये ते पेटंट रद्द झालं. आपल्याला याचा रास्त अभिमान आहे. पण तिथे सिद्ध काय झालं? की हे ज्ञान नवं नाही. हळदीने जखम किती भरते, हा प्रश्न त्या लढाईत कुणी विचारलाच नव्हता. हळदीतलं कर्क्युमिन वजनाने शेकडा दोन ते पाच आणि तेही आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं. रात्रीचं हळद-दूध घशाला बरं वाटतं ते बहुधा उबेमुळे. पिण्यात काही तोटा नाही. शोषण वाढवण्यासाठी मिऱ्याचा अर्क घातलेल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल ही वेगळी गोष्ट. त्यांच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अनेक देशांत झाल्या आहेत.

जिथे बटवा बांधूनच ठेवावा

ज्या पदार्थात गुण आहे त्यात अवगुणही असू शकतो, आणि सर्वांत मोठी जोखीम घरातल्या सर्वांत लहान माणसाला असते.

नवजात बाळाला सोन्याच्या अंगठीने मध चाटवायची चाल आपल्याकडे जुनी आहे. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूची बीजं असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ती रुजत नाहीत. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. बाळाला आधी बद्धकोष्ठ होतं, मग रडणं क्षीण होतं, मान लुळी पडते, श्वास अडतो. अशा घटना विरळा असल्या तरी एक वर्षापर्यंत मधाचं बोटही नको.

बाळगुटीचंही तसंच. सहाणेवर हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, हरडा, अतिविष यांचे वेढे देऊन मातेच्या दुधात चाटवलेली गुटी अनेक घरांत प्रेमाने दिली जाते. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच, पाणीसुद्धा, देऊ नये असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. सहाणेवरून, बोटांवरून आणि ओलसर मुळांवरून जंतू थेट पोटात जातात. जायफळ जास्त झालं तर गुंगी आणतं. 'गुटीने बाळ शांत झोपतं' हे वाक्य त्या दृष्टीने पुन्हा ऐकून पाहावं. भारतीय वेखंडात बीटा-असारोन असतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते कर्करोगकारक ठरल्याने अमेरिकेने १९६८मध्येच वेखंडाला अन्नातून हद्दपार केलं.

कापूर पोटात गेला तर मुलांना काही मिनिटांत झटके येऊ शकतात. २०२१च्या लाटेत ओवा, लवंग आणि कापराची पुरचुंडी हुंगल्याने ऑक्सिजन वाढतो असा संदेश मोबाइलवरून फिरला. ऑक्सिजन त्याने वाढत नाही, आणि रांगत्या बाळाच्या हाती कापूर लागणं मात्र सोपं होतं. नाकात सोडलेलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया करतं. गरम पाण्याच्या पातेल्यावर चादर घेऊन मुलाला वाफ देताना पातेलं कलंडून भाजण्याचे प्रसंग प्रत्येक हिवाळ्यात घडतात. भाजल्यावर टूथपेस्ट, तूप, शाई यांच्या वाटेला न जाता वाहत्या नळाखाली वीस मिनिटं धरावं. हा घरगुती उपाय खरा.

गुळवेलीचं उदाहरण तर आपल्या दाराशीच घडलं. करोनाकाळात प्रतिकारशक्तीसाठी काढे उकळले जात होते, तेव्हा मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२०च्या शेवटच्या चार महिन्यांतले सहा रुग्ण नोंदवले. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला सूज आली होती. ही गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असावी, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. पुढे देशातल्या अनेक रुग्णालयांतून तशाच नोंदी आल्या. समजा, आक्षेप बरोबर असला, तरी दारातल्या कुंपणावरची वेल कोणती हे ओळखण्याची जबाबदारी शेवटी काढा उकळणाऱ्यावरच येते.

औषधाआधी मुदत

साध्या सर्दीला, अंगदुखीला, परीक्षेच्या धास्तीला कुणी ३० पोटेन्सीच्या चार गोळ्या घेतल्या तर त्यातून बिघडत काही नाही. बिघडतं ते त्या गोळ्यांवर विसंबून जो वेळ जातो त्याने. म्हणून होमिओपॅथी असो, काढा असो की पेज, सुरू करतानाच दोन गोष्टी ठरवाव्यात आणि कॅलेंडरवर लिहाव्यात: काय सुधारायला हवं आणि किती दिवसांत. ती तारीख उलटली की औषध बदलायचं नाही, डॉक्टर गाठायचे.

काही ठिकाणी ही मुदत शून्य असते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप. मूल काही पीत नाही, सगळं उलटून टाकतं, सुस्त पडलंय किंवा झटका आला. जुलाबात रक्त, खोल गेलेले डोळे. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते, किंवा वर्षाच्या आतल्या बाळाचे मिनिटाला पन्नास आणि त्यावरच्या मुलाचे चाळीसहून जास्त श्वास होतात. डेंगीचा ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखू लागलं किंवा रक्तस्राव झाला तर पपईच्या पानांचा रस काढण्यात वेळ घालवू नये. ताप उतरल्यानंतरचे दोन दिवसच जास्त धोक्याचे असतात. मोठ्यांमध्ये छातीत दाटून येणं, तोंड वाकडं होणं, जीभ जड होणं यांना घरगुती औषध नाही.

इन्सुलिन, थायरॉइड, फिट्स, रक्तदाब आणि क्षयरोग यांची औषधं कुणाच्याही शब्दावर थांबवू नयेत. गोळ्या घ्यायच्याच असतील तर त्या यांच्याबरोबर घ्याव्यात, यांच्याऐवजी नव्हे. आणि डॉक्टर विचारतात, "आणखी काही घेता का?" तेव्हा काढा, चूर्ण, कॅप्सूल, गावाकडून आणलेला पाला, सगळं सांगावं. 'ते काही औषध नाही हो' असं म्हणून आपण जे वगळतो, यकृततज्ज्ञ नेमकं तेच शोधत असतात.